जुन्या विमान-किटवरच्या उठावदार रेषा : घासण्याआधी वाचा

बडोद्याच्या नावाची ब्रिटिश हवाई दलाची १२४ वी स्क्वाड्रन दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर लढाऊ विमानं उडवत असे. तिचं मॉडेल करायचं म्हणून जुनी किट शोधत पुष्कळ जण आमच्या दांडियाबाजारातल्या दुकानात येतात. खोका उघडला की पंखांवर बारीक उंचवट्याच्या रेषा दिसतात; खऱ्या विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवायला त्या असतात. ‘या घासून टाकू का?’ लगेच नको. आधी त्यांचा छाप घ्या, म्हणजे घासताना गेलेली रेषा कुठे होती ते कळेल.

रेषा उंच आहेत याचं कारण साच्यात आहे. पोलादी साच्यावर रेघ कोरणं सोपं, आणि तीच रेघ प्लॅस्टिकवर उंचवटा होऊन येते. खोलगट रेषेसाठी साच्यात केसाएवढी कड उभी ठेवावी लागते, ते फार कष्टाचं. म्हणून एअरफिक्स, फ्रॉग, मोनोग्राम यांच्या कित्येक जुन्या किट अशाच आहेत. १/७२ मापात (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलवर) ०.२ मि.मी. उंचवटा म्हणजे खऱ्या विमानावर १४ मि.मी.! तो थोडा कमी केला पाहिजे, हे खरं.

छाप घ्यायला पंखावर बटर पेपर घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी करून हलकेच फिरवा. लहानपणी नाण्याचा घ्यायचो, तसाच.

धडाचे दोन भाग चिकटवल्यावर सांधा घासताना सगळ्यात जास्त रेषा जातात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, मधली २ मि.मी. पट्टीच उघडी ठेवा. तरी रेषा गेलीच, तर किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडून येतात तिची काडी मेणबत्तीवर मऊ करून केसासारखी ताणा आणि पातळ सिमेंटने (मॉडेलच्या प्लॅस्टिकच्या गोंदाने) जागेवर चिकटवा. रंगाखाली ओळखूही येत नाही.

१/७२ ला आमचा सल्ला एवढाच : ६०० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी, दोन-चार हलके हात, बस. उंचवट्यावर काळा वॉश (खाचांत उतरवायचा पातळ रंग) टिकत नाही. रंगानंतर कडेने टोकदार पेन्सिल फिरवा.

१/४८ ला मात्र नव्याने कोरणं शोभतं. उंचवटा असतानाच त्याला लागून जाड डायमो टेप (लेबलची कडक चिकटपट्टी) चिकटवा. स्क्रायबर, म्हणजे रेघ कोरायचं टोकदार हत्यार, पहिल्यांदा स्वतःच्या वजनानेच ओढायचा, जोर नाही; तीन-चार फेऱ्यांत खाच बसते. मग उंचवटा घासा. हात घसरला तर सुपरग्लू भरून त्याच दिवशी घासा, नंतर तो दगड होतो. मस्टँग या लढाऊ विमानाच्या पंखाचे पुढचे सांधे कारखान्यातच पुट्टीने बुजवत, तिथे कोरूच नका.

पहिली रेषा चांगल्या किटवर ओढू नका. गल्ल्याशेजारी मोडक्या पंखांचा डबा ठेवलाय. एक उचला, इथेच बसून हात बसवा. त्याचे पैसे घेत नाही.