लोकशाही मूल्यांचे शिक्षण (बडोदे)

समता, स्वातंत्र्य व बंधुता ही तत्त्वे विद्यार्थ्यांना समजावून देणे आणि भेदभाव डोळ्यांदेखत घडत असता तो अडवण्याचे धैर्य त्यांच्या अंगी आणणे, अशी ही दुपेडी शिक्षणप्रक्रिया आहे. बडोद्याच्या इतिहासात पहिला पेड भक्कम दिसतो. दुसरा कुठे उसवला, तेही याच शहरात पाहायला मिळते.

तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. त्या काळच्या दप्तरी भाषेत ज्यांना ‘अंत्यज’ म्हणत, त्यांच्या मुलांसाठी सरकारी शाळा निघाल्या. पण तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान व आर्यसमाजी शिक्षकांवर भिस्त ठेवावी लागली. हुकमाने शाळा निघते, मास्तरांचे मन वळतेच असे नाही.

याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते. लोकशाही म्हणजे केवळ राज्यपद्धती नव्हे, ती मुख्यतः सहजीवनाची रीत आहे, हा आंबेडकरांनी पुढे मांडलेला विचार ड्यूईंशी नाते सांगतो. करारानुसार नोकरी करायला १९१७ मध्ये ते बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी असल्याचे भासवून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. पहिला म्हणाला, तुम्ही आलात तर घरचे नोकर जातील. दुसऱ्याला बायकोला विचारायचे होते, आणि ती दुसऱ्या दिवशी येणार होती. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवरचे तास आंबेडकरांनी कमाटीबागेत काढले.

वर्गात हा प्रसंग बहुधा काठीवाल्यांवर बोट ठेवून संपवला जातो. ते सोपे असते, कारण काठीवाल्यांत आपण नसतो. शिकवण्याजोगे आहेत ते दोघे मित्र: सुशिक्षित, आपुलकीचे, मनाने वाईट नसलेले. त्यांच्या जागी तुम्ही असता तर घरात काय बोलला असता, हा प्रश्न मुलांना विचारला की उत्तरे लांबतात आणि आजीचा वेगळा पेला, मोलकरणीची निराळी कपबशी अशा गोष्टी बाहेर येतात. संविधानाचे अनुच्छेद १५ (भेदभावास मनाई) व १७ (अस्पृश्यता नष्ट) हे कलमांचे आकडे त्यानंतर सांगितले तर लक्षात राहतात.

१९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता संविधानसभेच्याही सदस्य होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातल्या ‘सर्व पुरुष’ या अर्थी शब्दांना त्यांनी हरकत घेतली, म्हणून तिथे ‘सर्व मानव’ आले.

कमाटीबागेतल्या संग्रहालयात ममी व देवमाशाचा सांगाडा पाहायला शाळांच्या सहली येतात. १९१७ च्या त्या संध्याकाळची जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते. तिथवर वेगळी बस करावी लागत नाही.