फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका

घरी माशांची टाकी लावून चार महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. फिल्टरचा स्पंज चॉकलेटी आणि बुळबुळीत झाला होता, मला वाटलं केवढी ही घाण, म्हणून नळ पूर्ण सोडून दोन्ही हातांनी पिळून पिळून तो अगदी नव्यासारखा होईपर्यंत धुतला आणि परत लावला. दोन दिवस सगळं छान. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बारापैकी पाच निऑन टेट्रा मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करतायत, कल्ले भराभर हलतायत, आणि संध्याकाळपर्यंत त्यातले तीन गेले. तेव्हा टाकीत झाडं नव्हती, दोन प्लॅस्टिकची होती तेवढीच. मला वाटलं रोग आला. खरं कारण मला खूप उशिरा कळलं, की ज्याला मी घाण समजत होतो त्याच्यावरच ते मासे जगत होते.

मासा खातो त्यातल्या प्रोटीनमधला जास्तीचा नायट्रोजन तो मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया म्हणून बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत कुठे जाणार? शिवाय उरलेलं खाणं कुजतं, पानं कुजतात, त्याचाही अमोनियाच. मग हा अमोनिया खाणारे सूक्ष्मजीव स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून वाढतात आणि त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे सगळे पृष्ठभागाला चिकटून राहणारे, पाण्यात तरंगणारे फार थोडे, म्हणून पाणी बदललं तर विशेष बिघडत नाही पण क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज धुतला की त्यावरची बरीचशी वसाहत साफ. दुसरी पायरी नायट्रोबॅक्टर नावाचा बॅक्टेरिया करतो असं आधी सगळे सांगायचे, पण १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा हा वेगळाच बॅक्टेरिया सापडला, आणि २०१५ मध्ये तर असं दिसलं की काही नायट्रोस्पायरा एकटेच दोन्ही पायऱ्या करतात. एवढ्या नेहमीच्या गोष्टीबद्दल अगदी परवापरवापर्यंत आपल्याला धड माहिती नव्हती याचं मला अजूनही नवल वाटतं.

नायट्राइटकडे लोक दुर्लक्ष करतात, करू नका. ते कल्ल्यांतून रक्तात जातं आणि हिमोग्लोबिनचं रूपच बदलून टाकतं, मग ते ऑक्सिजन वाहूच शकत नाही, रक्त चॉकलेटी रंगाचं होतं, पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो. अमोनियाचं वेगळंच आहे, तो पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एक फार विषारी आणि दुसरं बरंच सौम्य, आणि कुठलं किती हे मुख्यतः पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, ठरवतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर विषारी रूप साधारण अर्धा टक्का, पीएच ८ झाला की तेच ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाणी तपासायच्या टेस्ट किटवर दोन टाक्यांत तोच आकडा आला तरी एकीत मासे मजेत आणि दुसरीत मरणपंथाला असं होऊ शकतं.

हे सूक्ष्मजीव फार सावकाश वाढतात, म्हणून नवीन टाकी तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्या काळात मासे नकोत. रोज चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजून अमोनिया होऊ द्यायचा आणि टेस्ट किटने बघत राहायचं, आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट चढतं, मग दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसायला लागतं. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, आठवडे वाचतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरायचे. पाणी दिवसभर उघडं ठेवलं तरी क्लोरीन बरंचसं उडून जातं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) घातलेलं पाणी असेल तर ते असं उडत नाही.

आता झाडं. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याने झाडांचीच टाकी लावावी, ती अवघड असते हा गैरसमज आहे. लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने एक प्रयोग मांडला होता, साधारण ५४ लिटर पाण्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं, तर त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या, त्यांनी कुजकं खाल्लं आणि टाकी परत निवळली. त्याचा सगळा विचार ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या देवाणघेवाणीचा होता, कारण नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट-नायट्रेट, करणारे बॅक्टेरिया विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने वेगळे काढून दाखवले ते १८९० च्या सुमाराला. पण ती व्हॅलिस्नेरिया ऑक्सिजन देण्यापलीकडेही काम करत होती. पाण्यातली बरीचशी झाडं अमोनियम थेट शोषतात, आणि नायट्रेटपेक्षा तेच आधी उचलतात. म्हणजे भरपूर, वेगाने वाढणारी झाडं असलेली टाकी हा स्वतःच एक फिल्टर आहे. माझ्या टाकीत त्या दिवशी मूठभर हॉर्नवर्टसारखं भराभर वाढणारं झाड असतं तरी कदाचित ते तीन मासे वाचले असते.

म्हणून सुरुवातीला भराभर वाढणारी झाडं लावा, हॉर्नवर्ट, हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, वर तरंगणारी साल्व्हिनिया. अनुबियास आणि जावा फर्न दिसायला सुंदर आणि टिकाऊ, पण सावकाश वाढतात, आणि त्यांचं आडवं जाड खोड खडीत पुरायचं नाही, पुरलं की सडतं, लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायचं. अजून एक, नवीन आणलेल्या झाडाची पानं दोन आठवड्यांत विरघळल्यासारखी झाली तर उपटून फेकू नका. बरीच झाडं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात, ती हवेतली पानं पाण्यात निकामी होतात आणि झाड मुळापासून नवीन, पातळ पानं काढतं. क्रिप्टोकोरीन तर नुसती जागा बदलली तरी रुसतं. कुजलेलं तेवढं कात्रीने काढा आणि थांबा.

शेवाळाची तक्रार सगळ्यांचीच. नव्या टाकीत काचेवर तपकिरी थर येतो, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा, पुसून टाका, बहुतेक वेळा आपोआप कमी होतो. हिरवं शेवाळ मात्र बऱ्याचदा जास्त लाइटमुळे. लोक महागडा लाइट आणतात आणि बारा तास लावून ठेवतात, पण झाडाला प्रकाशाच्या जोडीला कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि तो हवेच्या तुलनेत पाण्यात जवळपास १०,००० पट सावकाश पसरतो. झाड कार्बनसाठी उपाशी आणि प्रकाश भरपूर, अशा वेळी फायदा शेवाळाचा. लाइट ६ ते ८ तास, टायमर लावून, रोज त्याच वेळी. सिलिंडरने कार्बन डायऑक्साइड गॅस देत असाल तर ड्रॉप चेकर, म्हणजे गॅस किती आहे ते रंगावरून दाखवणारी छोटी काचेची कुपी, लावाच, निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे मासे धोक्यात. खताचं पानावरूनच कळतं: नवीन पानं पिवळी तर बहुधा लोह कमी, जुनी पानं पिवळी तर नायट्रोजन, कारण नायट्रोजन झाड जुन्या पानातनं काढून नव्याला देऊ शकतं, लोह तसं हलवता येत नाही.

रात्री झाडं ऑक्सिजन देत नाहीत, उलट माशांसारखीच वापरतात, त्यामुळे टाकीतला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे. म्हणून लाइट लागायच्या आधी टाकीकडे एकदा बघायची सवय लावून घ्या, मासे वर येऊन तोंड मारत असतील तर गॅस रात्री बंद ठेवा आणि एअरपंप चालू करा. उन्हाळ्यात जास्तच जपा, २५ अंशांना पाण्यात लिटरला जेमतेम ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५ च्या आसपास, आणि गरम पाण्यात माशाला लागतो जास्त.

मासे निवडताना आपलं पाणी कसं आहे ते आधी बघा. निऑन टेट्राला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं, गप्पीला कठीण, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी. टेट्रा, कोरीडोरस ही थव्याची जात, दोन आणून चालत नाही, निदान सहा हवेत नाहीतर ते घाबरून कोपऱ्यात बसतात. नवीन मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके येतात तो इक नावाचा परजीवी, तो कातडीखाली असतो तेव्हा औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, पाण्यात मोकळा पोहत असतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवायचं नाही, ठरलेले सगळे दिवस द्यायचं. औषधात तांबं असेल तर मात्र कोळंबी असलेल्या टाकीत ते चुकूनही घालू नका. आणि मासे किंवा झाडं नको झाली तर नदीतळ्यात सोडू नका, हीच साल्व्हिनिया तळी झाकून टाकते.

माझं आता दर आठवड्याला ठरलेलं आहे. टाकीतलं पंचवीस ते तीस टक्के पाणी बादलीत काढायचं, स्पंज गढूळ झाला असेल तर त्याच बादलीत दोनदा हलकेच पिळायचा, स्वच्छ होईपर्यंत नाही, फक्त पाणी आरपार जाईल इतपत, तो चॉकलेटीच राहतो आणि तसाच परत लावायचा. बादलीतलं पाणी कुंड्यांना.