उग्र वास म्हणजे स्वच्छ? नाही हो

महापे-ऐरोलीच्या ऑफिसांत, वागळे इस्टेटच्या गाळ्यांत इको-फ्रेंडली क्लीनिंगचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "वासच येत नाही, जंतू काय मरणार?" समज जुना, पण साफ चुकीचा. पांढऱ्या फिनाईलचा वास मुख्यतः पाईन तेलाचा, त्यावरून किती जंतू मेले ते कळत नाही. फरशीवरची घाण तशीच ठेवून वर ब्लीच ओतलं तर त्याची ताकद त्या घाणीतच संपते, म्हणून आधी साध्या लिक्विड सोपने पुसायचं, आणि ऑफिसच्या फरशीला बहुतेक वेळा तेवढंच पुरतं, जंतुनाशक फक्त टॉयलेट, नळ, दाराची हँडल अशा ठिकाणी, तेही लेबलवर लिहिलंय तितकी मिनिटं ओलं राहू द्यायचं, लगेच पुसलं की पैसे पाण्यात.

उलटा प्रकारही आहे, इको-फ्रेंडली म्हणून व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून वापरायचा. फेस मस्त येतो, पण दोघं एकमेकांचा असर मारतात. लॉबीत मार्बल असेल तर व्हिनेगर लावूच नका, चमक जाते.

आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड अन् ब्लीच कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो हाऊसकीपिंगच्या मावशींच्याच छातीत जातो.