मांड्या भरून येतात, पण लॅक्टिक ॲसिडने नव्हे

सिंहगड करून आलं की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात. कुणीतरी हमखास सांगतं, ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय.’ जिममध्येही हेच ऐकाल. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप, साधारण तासाभरात ओसरतं. हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत टिपेला जातं.

खरी गोम उतरणीत आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो. त्यात तंतूंना बारीक इजा होते, मग सूज येते. धाप लावतो चढ, पाय दुखवतो उतार! दोन आठवड्यांनी तोच गड उतरा, त्रास बराच कमी होईल, कारण स्नायू सरावतो. त्यामुळे ‘दुखलं नाही म्हणजे व्यायाम लागलाच नाही’ हेही खोटंच.