ब्रह्मपुरीची टेकडी, टाऊन हॉल आणि कोल्हापूरच्या संग्रहालयांची पार्श्वभूमी

संग्रहालयांचं वर्ष ठरावीक तारखांभोवती फिरतं. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन, १८ मे हा संग्रहालय दिन, २६ जूनला शाहू जयंती आणि नोव्हेंबरात १९ ते २५ वारसा सप्ताह. या दिवसांच्या आगेमागे शस्त्रांची, नाण्यांची, जुन्या छायाचित्रांची प्रदर्शनं लागतात, व्याख्यानं ठरतात, शाळांच्या सहली येतात. पत्रिकेवर तारीख, वेळ आणि पाहुण्यांची नावं असतात. दालनातली वस्तू तिथवर आली कशी, हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. कोल्हापुरात तर तीच गोष्ट सगळ्यात सांगण्यासारखी आहे.

आपलं पहिलं सार्वजनिक संग्रहालय शहराच्या पोटातून निघालं. पंचगंगेच्या काठाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४०च्या दशकात राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदनगार यांनी तिथं खोदकाम केलं. मग १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनं डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. वरच्या थरांत शिलाहार आणि बहमनी काळ लागला. त्याखाली सातवाहनांच्या वेळची नांदती वस्ती होती. विटांची घरं, नाणी, मणी, भांडी, सगळं काही. बिंदू चौक आणि रंकाळा यांच्या कितीतरी आधी या काठावर एक व्यापारी गाव होतं, हे तेव्हा पुराव्यानिशी कळलं.

ब्रह्मपुरीनं दिलेला सगळ्यात मोठा ठेवा म्हणजे काशाच्या वस्तू. त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन आहे, रोमन घडणीची भांडी आहेत, आरसा आहे. पोसायडनची मूर्ती एका वितीतही मावेल एवढीच आहे. उघडं पिळदार शरीर, दाढी, वर उचललेला हात. त्या हातातला त्रिशूळ केव्हाच गळून गेला आहे. काही वर्षांपूर्वी भाचीला घेऊन टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात गेलो होतो. काचेला नाक लावून तिनं विचारलं, "मामा, ह्यानं हात वर कशाला केलाय?" म्हटलं, त्रिशूळ धरला होता बाळ, तो हरवला. "मग हा शंकरच की!" मी तिला रोमन जहाजांबद्दल सांगायला लागलो. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत माल उतरायचा, बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा आणि इथल्या बाजारात यायचा. पहिल्या शतकाच्या सुमारास घडलेला इटलीकडचा एक देव असा करवीरात पोचला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग तो नेमका कुठं सापडला? आपण बघायला जाऊया?" दोन हजार वर्षांपेक्षा तिला ती जागा जवळची वाटली. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी तिचा हा प्रश्न आधी ध्यानात घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

या वस्तूंना घर हवं म्हणून १९४६ साली कोल्हापूरचं संग्रहालय सुरू झालं. १ मार्च १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पुढं संग्रहालय सरकारी झालं. टाऊन हॉलची इमारत त्याहून बरीच जुनी, १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली. काळा दगड, उतरती छपरं, दोन मनोरे. तिचा वास्तुकार मेजर मँट. इथल्या छत्रपतींचा न्यू पॅलेसही त्याचाच आणि बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडाही त्याचाच. सभेसाठी बांधलेल्या या वास्तूत आता मूर्ती, शस्त्रं आणि चित्रं आहेत. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांची चित्रं पाहायची तर इथंच यावं लागतं. १९२२ला शाहू महाराज गेल्यावर आबालालांनी दुःखानं आपली असंख्य चित्रं तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात आजही सांगतात. या दालनात त्यांचं एखादं निसर्गचित्र समोर आलं की ती आठवण होतेच.

बाकीची संग्रहालयं एकेका घराण्यातून, एकेका माणसाच्या घरातून झाली. न्यू पॅलेस १८७७ ते १८८४ मध्ये उभा राहिला आणि १९७४ मध्ये त्यात श्री शहाजी छत्रपती संग्रहालय खुलं झालं. दरबार हॉल, शस्त्रं, शिकारीतली जनावरं पाहायला बाहेरगावची माणसं आधी तिथंच जातात. राजारामपुरीत नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या राहत्या घराचं कलासंग्रहालय झालं. त्यांचं पावडर शेडिंगचं, म्हणजे कोरड्या पुडीनं छटा देऊन चित्र काढण्याचं काम तिथं जवळून बघता येतं. कणेरी मठावर बलुतेदारांचं गाव शिल्पांतून उभं केलं आहे. शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे.

कसबा बावड्याचा लक्ष्मी विलास राजवाडा बडोद्याच्याहून वेगळा; तो शाहू महाराजांचं जन्मस्थळ. २६ जून १८७४ला कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव इथं जन्मले आणि १८८४ मध्ये दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले. याच महाराजांनी २६ जुलै १९०२ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. माझ्या दृष्टीनं हा हुकूम कुठल्याही तलवारीच्या तोडीचा आहे आणि जयंतीच्या प्रदर्शनात त्याला मधली जागा मिळायला हवी. ६ मे २०२२ला स्मृतिशताब्दीच्या दिवशी कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभं राहिलं. मी त्या वेळी रस्त्यावर होतो. रिक्षांची इंजिनंसुद्धा बंद झाली होती.

वाघनखांच्या प्रदर्शनामागचा इतिहासही समजून घ्यायला हवा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशी राज्य सरकारनं ३ ऑक्टोबर २०२३ला करार केला. वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी मिळाली आणि सातारा, नागपूर, कोल्हापूर, मुंबई अशी ठिकाणं ठरली. साताऱ्यात जुलै २०२४ मध्ये प्रदर्शन सुरू झालं. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे तिथला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या कारभाऱ्याकडून मिळाली, असं वाघनखांच्या पेटीवर लिहिलेलं आहे. पण १६५९ला अफझलखानावर चाललेली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही, असं त्या संग्रहालयानंच सांगितलं आहे. मला वाटतं, प्रेक्षकांना हे दोन्ही सांगावं. महाराजांबद्दलची श्रद्धा त्यानं तसूभर कमी होत नाही, आणि रांगेत उभ्या पोराला पुरावा म्हणजे काय तेही कळतं.

पोसायडनच्या बाबतीत तसा प्रश्न येत नाही, कारण तो कुठल्या टेकडीतून निघाला ते नोंदलेलं आहे. म्हणून वारसा सप्ताहाची एक फेरी ब्रह्मपुरीपासून काढावी, असं मी भेटेल त्याला सांगतो. सकाळी पोरांना पंचगंगा घाटावर जमवायचं, टेकडी दाखवायची, पायाखाली काय काय निघालं ते सांगायचं आणि शुक्रवार पेठेतून चालत टाऊन हॉलला आणायचं. सोमवार तेवढा टाळावा, संग्रहालय बंद असतं. भाचीला मी असाच घेऊन गेलो, पण उलट्या वाटेनं. घाटावर पोचल्यावर तिनं टेकडीकडं बघितलं, मग पाण्याकडं, आणि म्हणाली, "म्हणजे तो नदीजवळच राहत होता. समुद्र नव्हता ना इथं."