जी१ चा बीसी आणि जी७ चा बीसी: घोळ नेमका कुठे होतो

एकाच गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशंट (बीसी) एका तक्त्यात जी१ चा ०.५०० आणि दुसऱ्यात जी७ चा ०.२५० दिसला की दुसऱ्या तक्त्यातली गोळी निकृष्ट समजणारे अजूनही भेटतात, आणि त्यांत नेमबाजीत वर्षे काढलेली मंडळीही असतात. बीसी जास्त असलेली गोळी हवेत वेग कमी गमावते, आणि तो वजन, व्यास व आकार यांवर ठरतो, हे त्यांना शिकवायची गरज नसते.

त्यांच्या नजरेतून निसटते ते हे, की बीसी हे गुणोत्तर आहे. एका ठरावीक प्रमाण गोळीच्या मानाने आपली गोळी हवेच्या रोधाला कितपत पुरून उरते, एवढेच तो सांगतो. त्या प्रमाण गोळीवरचा रोध वेगागणिक कसा बदलतो, याची नोंद म्हणजे ड्रॅग मॉडेल. जी१ आणि जी७ ही अशीच दोन मॉडेले. जी१ ची प्रमाण गोळी बुटकी, बोथट नाकाची व सपाट बुडाची, एकोणिसाव्या शतकातल्या तोफगोळ्यांच्या वळणाची आहे, तर जी७ ची लांब, अणकुचीदार आणि बुडाकडे निमुळती होत गेलेली, म्हणजे बोट-टेल आहे. लांब गोळी बोथट गोळीशेजारी ठेवली की फार सरस दिसते आणि आपल्यासारख्याच गोळीशेजारी ठेवली की बेताची.

फरक निव्वळ दुपटीचा असता तर दोनने भागून काम भागले असते, आणि पुष्कळ जण तेच करतात. मॅक २.५ ला, म्हणजे ध्वनीच्या अडीचपट वेगाला, जी१ चा ड्रॅग कोएफिशंट, म्हणजे प्रमाण गोळीवरच्या रोधाचा आकडा, सुमारे ०.५४ आणि जी७ चा ०.२७ असतो, तिथे हा हिशेब जमतो. मॅक १.२ ला मात्र हेच आकडे ०.६४ आणि ०.३९ होतात, आणि गुणोत्तर सुमारे १.६५ वर येते. त्यामुळे जी७ चा ०.२५० हा बीसी जिला सर्व वेगांना लागू पडतो, त्या गोळीचा जी१ बीसी मॅक २.५ ला ०.५०० असला तरी मॅक १.२ पर्यंत ०.४१ वर उतरतो. काही उत्पादक जी१ चे आकडे वेगाच्या टप्प्यांनुसार वेगवेगळे देतात ते याचमुळे. मॉडेलचे नाव न लिहिता खोक्यावर नुसता आकडा छापणे मात्र मला अक्षम्य वाटते.

जवळच्या अंतरावर याने काही बिघडत नाही. हजार यार्डांवर मात्र सुरुवातीचा जी१ आकडाच शेवटपर्यंत धरला, तर गणित गोळीची घसरण कमी दाखवते आणि नेम खाली लागतो. गोळीचा मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जी१ चा ०.५०० हा आकडा जी७ निवडून भरला, तर ते तक्रार न करता रोध निम्मा धरते, आणि दोष दुर्बिणीला दिला जातो.

जी७ सर्वत्र अधिक अचूक, हाही गैरसमजच आहे, कारण आखूड, सपाट बुडाच्या गोळीला जी१ च जवळचा पडतो. बोट-टेल गोळीसाठी मी जी७ खेरीज दुसरे काही वापरत नाही, अपवाद एकच: त्याच गोळीचा डॉप्लर रडारवर (उडत्या गोळीचा वेग सतत टिपणाऱ्या यंत्रावर) मोजलेला ड्रॅगचा वक्र हाती असेल, तर दोन्ही मॉडेले बाजूला ठेवतो.