कोलंबिया पाइक पुनरुज्जीवन योजना

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन काउंटीतून जाणाऱ्या कोलंबिया पाइक या जुन्या हमरस्त्यालगतचा मरगळलेला पट्टा पुन्हा नांदता करण्यासाठी आखलेली नगररचना योजना. पेंटॅगॉनच्या परिसरापासून फेअरफॅक्स काउंटीच्या हद्दीपर्यंतचा सुमारे ५.६ किमी. लांबीचा पट्टा तिच्या कक्षेत येतो. मूळ आराखडा २००२ चा, नियमावली २००३ ची. निवासी भागांसाठीची जोड २०१२-१३ मध्ये मिळाली. इमारती कशा उभ्या राहाव्यात याचे नियम बांधून महामार्गालगतच्या पडझडीवर उपाय करण्याचे अमेरिकेतील हे सुरुवातीचे ठळक उदाहरण असल्याने नगररचनेच्या अभ्यासात त्याचा दाखला वारंवार दिला जातो. दाखला देणारे मात्र बहुधा २००३ पाशीच थांबतात. योजनेची खरी कसोटी त्यानंतर लागली.

पार्श्वभूमी

पोटोमॅक नदीवरील लाँग ब्रिजकडे जाण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टोल घेणारा रस्ता म्हणून पाइकची बांधणी झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे रूप पालटले. पेंटॅगॉनची इमारत १९४३ मध्ये पुरी झाली आणि जवळच्या राजधानी वॉशिंग्टनमध्ये भरती झालेल्या सरकारी नोकरांसाठी पाइकच्या आसपास विटांच्या बैठ्या इमारतींची, मध्ये हिरवळ राखलेली भाड्याची संकुले उभी राहिली. बारक्रॉफ्ट अपार्टमेंट्स हे त्यांतलेच एक. युद्धानंतर मोटारींचे राज्य आले: पुढे ऐसपैस वाहनतळ, मागे एकमजली दुकानांची रांग, अधूनमधून पेट्रोल पंप.

वॉशिंग्टन मेट्रोची आखणी चालू असताना पाइकच्या दिशेने एक फाटा नेण्याचा विचार झाला होता. पेंटॅगॉन स्थानकात त्यासाठी बोगद्याची सोयही करून ठेवली आहे. फाटा काही झाला नाही. आर्लिंग्टनने सगळा जोर रॉसलिन ते बॉलस्टन या मार्गावर लावला. १९७९ मध्ये तिथे भुयारी गाडी धावू लागली आणि बांधकामाचा पैसा तिकडे वळला. पाइकच्या वाट्याला पुढची काही दशके डागडुजीपलीकडे फारसे काही आले नाही. १९८६ मध्ये रहिवासी, व्यापारी आणि काउंटी यांनी मिळून पाइकच्या पुनरुज्जीवनासाठी एक संस्था काढली, पण हालचालींना वेग यायला नव्वदचे दशक सरावे लागले.

मात्र रस्ता ओस पडला होता असे कोणी समजू नये. घरे जुनी आणि गाळे स्वस्त, म्हणून बोलिव्हिया, एल साल्वादोर, इथिओपिया अशा देशांतून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली. २२२०४ या एका पिनकोडात सारे जग नांदते, असे तिथले लोक कौतुकाने सांगतात. १९६९ पासूनचे बॉब अँड ईडिथ्स डायनर इथलेच. बसप्रवाशांच्या संख्येत हा रस्ता व्हर्जिनियात अग्रभागी राहिला आहे. माणसे होती, गिऱ्हाईक होते. आटली होती ती गुंतवणूक. ज्या जुनाटपणावर योजना उपाय शोधत होती, त्याच जुनाटपणामुळे भाडी परवडत होती. सगळा पेच इथे आहे.

२००३ ची नियमावली

मुंबई-पुण्याचा वाचक बांधकामाचा हिशेब एफएसआयमध्ये करतो: भूखंडाच्या किती पट चटईक्षेत्र मिळणार? अमेरिकेतील नेहमीचे झोनिंगही, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय आणि किती बांधायचे याचे नियम, वापर, घनता, समास अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि पार्किंगच्या आकड्यांवर चालते. पाइकवर हे आकडेच आडवे येत. भूखंड लहान आणि उथळ. पुढे अंतर सोडून, मागणीनुसार गाड्यांना जागा देऊन उरलेल्या तुकड्यावर एकमजली दुकानाखेरीज काही परवडत नसे. मोठा प्रकल्प आणायचा तर काउंटीशी लांबलचक वाटाघाटी.

नव्या आराखड्यासाठी २००२ मध्ये रहिवासी, दुकानदार आणि जमीनमालक यांना एकत्र बसवून सलग काही दिवस नकाशे काढण्यात आले. नगररचनाकार जेफ्री फेरेल यांच्या चमूने त्यातून नियमावलीचा मसुदा तयार केला आणि फेब्रुवारी २००३ मध्ये काउंटी बोर्डाने, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या कारभारी मंडळाने, तो मंजूर केला. या नियमावलीत घनतेचा आकडा नाही. नकाशावर रस्त्याच्या कडेने एक रेषा आखलेली आहे. इमारतीचा दर्शनी भाग त्या रेषेवरच आला पाहिजे, मागे सरकवून पुढे गाड्या लावता येणार नाहीत. मुख्य रस्त्यावर किमान तीन, सर्वसाधारणपणे कमाल सहा मजले. तळमजला दुकानांना शोभेल इतका उंच, दर्शनी भागात काच किती असावी तेही ठरलेले. गाड्या मागच्या अंगाला किंवा जमिनीखाली, आणि शक्य तिथे सामाईक. दुकाने साडेतीन मैलभर पसरू न देता ती चार केंद्रांभोवती गोळा करायची, असे धोरण होते. हा निर्णय शहाणपणाचा होता, कारण एवढ्या लांब रस्त्याला सलग बाजारपेठ पेलत नाही.

जुने झोनिंग रद्द केले नाही, हे नियमावलीचे आणखी एक वैशिष्ट्य. मालकाने वाटल्यास जुन्या नियमांनी बांधावे, वाटल्यास नव्या. नव्या वाटेचे आमिष होते वेळेचे. नियमांत बसणाऱ्या लहान प्रकल्पाला प्रशासनाकडून ३० दिवसांत मंजुरी, मोठ्याचा निर्णय बोर्डाकडून ५५ दिवसांत. ज्यांना परवानगीसाठी खेटे घालण्याचा अनुभव आहे त्यांना या आमिषाची ताकद वेगळी सांगायला नको. पहिल्या दशकात मिश्र वापराचे अनेक प्रकल्प या वाटेने आले. पेनरोज स्क्वेअर हा त्यांतला नमुनेदार: तळाला सुपरमार्केट, वर भाड्याची घरे, पुढे सार्वजनिक चौक.

रस्ता आणि ट्राम

इमारती काउंटीच्या नियमाने उभ्या राहत होत्या, रस्ता मात्र राज्य सरकारचा होता. पदपथ रुंद करणे, सिग्नल हलवणे, झाडे लावणे, प्रत्येक गोष्टीसाठी राज्याच्या वाहतूक खात्याची संमती लागे आणि त्या खात्याचा कल वाहनांच्या वेगाकडे. २०१० मध्ये पाइक काउंटीच्या ताब्यात आला. त्यानंतर तुकड्या-तुकड्यांनी रस्ता उकरून विजेच्या तारा जमिनीखाली घेण्याचे आणि पदपथ नव्याने बांधण्याचे काम सुरू झाले. ते इतके रेंगाळले की काही दुकानदारांना योजनेपेक्षा तिच्या खोदाईचाच अनुभव अधिक.

मेट्रो हुकली त्याची भरपाई म्हणून पाइकवरून ट्राम नेण्याचा प्रस्ताव होता. २०१२ मध्ये काउंटीने तो पर्याय निवडला आणि खर्चाचा अंदाज वर्षागणिक चढत गेला. त्यातच २०१३ मध्ये वॉल्टर रीड ड्राइव्हच्या चौकात नव्या धर्तीचा पहिला बसथांबा उघडला. काच आणि पोलादाचा, देखणा, खर्च सुमारे १० लाख डॉलर. पण छत असे की पाऊस आडवा आला की प्रवासी भिजत. एक बसथांबा एवढ्याला पडतो तर ट्राम केवढ्याला पडेल, हा प्रश्न देशभरच्या बातम्यांत गाजला. ट्रामचे विरोधक जॉन विहस्टाट काउंटी बोर्डाची एप्रिल २०१४ ची पोटनिवडणूक आणि नोव्हेंबरची सार्वत्रिक निवडणूक, दोन्ही जिंकले. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी बोर्डाने ट्राम रद्द केली. पुढचे थांबे साधे आणि स्वस्त केले गेले आणि भर बससेवेवर आला.

घरांचा प्रश्न

२००३ ची नियमावली व्यापारी केंद्रांपुरती होती. मधली भाड्याची संकुले तिच्या बाहेर होती. नव्या इमारती येऊ लागल्या तशी या संकुलांच्या जमिनींची किंमत वाढली. २०१२ च्या निवासी आराखड्याने उद्दिष्ट ठेवले ते परवडणाऱ्या सुमारे ६,२०० घरांचे जतन. त्यासाठी २०१३ मध्ये निवासी भागांनाही तशीच नियमावली लागू झाली, पण अट वेगळी: वाढीव बांधकाम हवे तर त्यातला ठरावीक हिस्सा कमी भाड्याचा ठेवायचा. ऐतिहासिक संकुल न पाडता त्याचे विकासहक्क दुसरीकडे वापरण्याची, आपल्याकडच्या टीडीआरसारखी (हस्तांतरणीय विकासहक्क), मुभाही दिली.

अटींवर भागले नाही. २०१९ मध्ये उघडलेली १७३ घरांची गिलियम प्लेस ही इमारत एका प्रेस्बिटेरियन चर्चने स्वतःची वास्तू व जमीन गृहनिर्माण संस्थेला विकल्यामुळे होऊ शकली. अॅमेझॉनने आर्लिंग्टनमध्ये दुसरे मुख्यालय जाहीर केल्यावर धास्ती आणखी वाढली. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये बारक्रॉफ्ट अपार्टमेंट्सची १,३३४ घरे एका विकासकाने विकत घेतली, त्यासाठी काउंटीने १५ कोटी आणि अॅमेझॉनने १६ कोटी डॉलर कर्जाऊ दिले. बदल्यात ती ९९ वर्षे परवडणाऱ्या भाड्यात ठेवण्याची हमी घेतली. एवढा पैसा ओतल्याशिवाय ही घरे वाचली नसती, हे नियमावलीच्या कैवाऱ्यांनाही मान्य करावे लागते.

दुकानांना असे संरक्षण नाही. नव्या इमारतींतल्या उंच, काचेच्या गाळ्यांचे भाडे जुन्या रांगेतल्या किराणा दुकानाला किंवा न्हाव्याला झेपत नाही आणि त्यांतले काही गाळे बराच काळ रिकामे राहिले. तळमजल्यावर काय चालेल याच्या अटी काउंटीने पुढे सैल केल्या. भाड्याचा प्रश्न बाजारावरच सोडला आहे.